कुंकवाचे कार्ड, हळदीचे कार्ड

आपट्याचे एक वाळलेले पान.

निळ्या शाईत लिहिलेले दोन बारा-अक्षरी आकडे.

शहापूरजवळ ट्रकांच्या रांगेत उभी राहिलेली बस.

'या वायरी काढू नये.'

जळालेल्या मोटारीचा वास.

वीज गेली.

वीज आली.

मित्रांनो, माफ करा. आता मला कोणी वीज देत नाही, तरी सांगता सांगता मध्येच तुटण्याची आणि पहिल्यापासून सुरू होण्याची माझी खोड गेलेली नाही. पाच वर्षे मी दिवसातून दहा-दहा वेळा असाच बंद पडलो आणि असाच सुरू झालो. फार थकलो आहे. तरी सांगतो.

जुना आहे मी. काळ्या पत्र्याचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा संगणक. कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात आठवण ठेवायची जागाच बसवली नव्हती. नागपूरच्या एका कचेरीने मला दोन वर्षे वापरले आणि काढून टाकले. तिथून २००८ साली मी भंडारा जिल्ह्यात मोहाडीला आलो, ताराचंदभाऊंच्या संगणक केंद्रात. तहसील कचेरीच्या रस्त्यावर एक लांबट खोली, तिच्यात अकरा संगणक, आणि कोपऱ्यात लाकडी पाटावर मी.

माझ्यात लिनक्स घातले होते, म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. माझ्यासमोर बसून कोणी चित्रे काढत नसे, पत्रे लिहीत नसे. मला पडदासुद्धा क्वचितच जोडत. माझे काम निराळे होते. माझ्या पाठीत दोन कार्डे होती आणि प्रत्येक कार्डात एक वायर. हे माझे दोन हात समजा. एका हाताने मी बाहेरचे जग धरायचो, म्हणजे टेलिफोनच्या तारेतून येणारे इंटरनेट. दुसऱ्या हाताने खोलीतले अकरा संगणक. या हातातले त्या हातात द्यायचे, आणि बाहेरचे नको ते आत येऊ द्यायचे नाही, एवढेच.

काम सोपे होते. अवघड होते ते स्वतःचे हात ओळखणे.

हसू नका. माझी दोन्ही कार्डे एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेली. जुळीच. त्यांना नावे होती ईटीएच-शून्य आणि ईटीएच-एक. शून्य म्हणजे बाहेरचा हात, एक म्हणजे आतला, असे धरून माझे सगळे नियम लिहिलेले. पण नावे कायमची नव्हती. मी जागा होताना जे कार्ड आधी 'हजर' म्हणे त्याला शून्य, मागून म्हणे त्याला एक. गुरुजींनी रोज नवा हजेरीपट काढावा आणि आधी वर्गात शिरणाऱ्याला पहिला नंबर द्यावा, तसे. रोज तोच मुलगा आधी येतो का?

वीज गेली.

वीज आली.

आणि नावे उलटी झाली. मग मी बाहेरच्या जगाला घरातला समजून रस्ते वाटत बसायचो, आणि खोलीतल्या मुलांना परके समजून दार लावून घ्यायचो. दोन्ही कार्डांचे हिरवे दिवे मात्र छान लुकलुकत असत. सगळे ठीक दिसायचे आणि काहीच चालायचे नाही.

केंद्र सांभाळणारी रीना तेव्हा नुकती बारावी झालेली होती. ती माझ्या मागे वाकायची, दोन्ही वायरी उपसायची, ह्याची त्याला आणि त्याची ह्याला लावायची. चालायचे. पुढची वीज जाईपर्यंत.

"अवं रीना," ताराचंदभाऊ खुर्चीतूनच विचारायचे, "याले भंगारात देऊन टाकू का? डोस्कं फिरते याचं घडीघडी."

"डोस्कं बरोबर आहे भाऊ. नाव बदलते त्याचं."

"नाव कसं बदलते बाप्पा? मी सकाळी उठलो का भैय्यालाल होऊन जातो का?"

"तुम्ही एकटे उठता जी. हे दोघं संगंच उठतात. जो आधी उठला तो ताराचंद."

मुले हसायची. ताराचंदभाऊही हसायचे. मी हसत नसे. मला तेवढ्यात पुन्हा उठायचे असायचे.

२०१३ च्या उन्हाळ्यात नागपूरहून सेवकराम नावाचा तंत्रज्ञ आला आणि त्याने माझ्यात नवे लिनक्स घातले. त्यात नावे द्यायची रीत बदलली होती. आता आधी कोण उठले याला किंमत नव्हती. कार्ड ज्या खाचेत बसले आहे त्या खाचेवरून त्याचे नाव. पाचव्या गल्लीतले पहिले घर, पाचव्या गल्लीतले दुसरे घर, असे समजा. घर हलत नाही, म्हणून नावही हलत नाही.

मित्रांनो, ते चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत बरे. वीज जायची, यायची, मी उठायचो आणि माझे हात माझेच असायचे. रीनाने माझ्या पाठीवर एक चिठ्ठी डकवली : 'या वायरी काढू नये.' तिची वाकण्यातून सुटका झाली होती, आणि आता कोणी जुन्या सवयीने वायरी उलटसुलट करू नयेत, अशी तिची इच्छा होती. चिठ्ठी बरोबर होती. बरोबर लिहिलेल्या चिठ्ठ्याच पुढे घात करतात, हे तिला तरी कुठे ठाऊक होते.

शेजारच्या गाळ्यात जागेश्वर मोटारी दुरुस्त करायचे. धानाच्या दिवसांत शेतांवरचे पंप जळायचे आणि त्यांच्या दारात मोटारींची रांग लागायची. मोटार खोलण्याची त्यांची एक पद्धत होती. वायर काढण्याआधी तिला आणि ती जिथून निघाली त्या टोकाला एकाच रंगाचा ठिपका लावायचा. घरातून आणलेले कुंकू, हळद, कधी चुना. परत जोडताना लालची लालला, पिवळ्याची पिवळ्याला. एकसारख्या दोन नटांपैकी कोणता कुठे बसला याने मोटारीला फरक पडत नाही. वायर कुठे गेली याने पडतो. पंचवीस वर्षांत त्यांची एक वायर चुकलेली नव्हती. हे ते लोकांना सांगायचे, आणि ते खरे होते.

त्यांची मुलगी दामिनी आमच्याच केंद्रात टंकलेखन शिकायची. तिला नर्स व्हायचे होते. प्रवेशाचा अर्ज इंटरनेटवरूनच भरायचा होता. कागद गोळा करता करता दिवस गेले होते. रहिवासी दाखला तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी हाती आला. रीनाने तिचे सगळे कागद चार नंबरच्या संगणकात चढवून ठेवले आणि सांगितले, "आता फक्त भरायचा राह्यला. शेवटचा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाच वाजेपर्यंत. सकाळी येऊन भरून टाकजो. अर्ध्या तासाचं काम आहे." हे वर्ष चुकले असते तर दामिनीला पुढच्या वर्षी संधी मिळाली नसती. लाखनीहून तिच्यासाठी एक स्थळ आले होते, आणि 'औंदा नंबर लागला तर शिकेल, नाही तर लगन' असे घरात ठरले होते.

दसऱ्याला रीना मोहाडीत नसायची. त्याच दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. आई बायजाबाईंना घेऊन ती आदल्या दिवशी संध्याकाळी जायची, पाणी वाटायच्या कामात उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. ताराचंदभाऊ सासुरवाडीला. किल्ली जागेश्वरांकडे.

वीज गेली.

वीज आली.

दसरा.

जागेश्वरांनी आपली अवजारे धुतली, पुसली, ओळीने मांडली. पकड, पाने, हातोडी, कॉइल गुंडाळायचे चाक. मग माझ्याकडे आले. उद्या लेकीचा अर्ज माझ्यातून जाणार होता. माझी पूजा त्यांना वरवर करायची नव्हती.

"बाबा, रीनाताईनं हात नोको लावू म्हटलं याले."

"वायरी नोको काढू म्हटलं. धूळ नोको काढू म्हटलं का?"

"वायरी काढल्याबिगर धूळ कशी निंगंल?"

"ज्याची त्याले देतो ना वापस. मोटारी काय अशाच खोलतो मी?"

त्यांनी एका कार्डाच्या पट्टीला आणि त्याच्या वायरीला कुंकू लावले. दुसऱ्याला आणि त्याच्या वायरीला हळद. वायरी काढल्या. माझे झाकण उघडले. दोन्ही कार्डे बाहेर काढून स्वच्छ धोतरावर ठेवली आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने इतक्या हळुवार झाडली की माझ्या आयुष्यात कोणी मला तसा हात लावला नव्हता. खाचांतली पाच वर्षांची धूळ फुंकली. मग एक कार्ड एका खाचेत बसवले, दुसरे दुसऱ्या. झाकण लावले. कुंकवाची वायर कुंकवाच्या कार्डाला दिली, हळदीची हळदीच्या. उदबत्ती लावली, फूल वाहिले, आपट्याची पाने माझ्या डोक्यावर ठेवली. त्यातलेच एक पान नंतर फटीतून आत पडले. अजून आहे.

वायर एकही चुकली नव्हती. फक्त कुंकवाचे कार्ड हळदीच्या खाचेत गेले होते, आणि हळदीचे कुंकवाच्या. नावे मात्र खाचांची होती. ती जिथल्या तिथे राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दामिनी चार नंबरवर बसली. इंटरनेट नव्हते. जागेश्वरांनी मला बंद करून सुरू केले. नव्हते. पुन्हा केले. पुन्हा. दुपारपर्यंत चौदा वेळा. चौदाही वेळा मी उठलो, चौदाही वेळा प्रामाणिकपणे बाहेरच्याला आतला समजलो, आणि चौदाही वेळा दोन हिरवे दिवे दाखवले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. मला फक्त दिवे होते.

गावातले दुसरे केंद्र दसऱ्याच्या सुट्टीला कुलूपबंद. भंडाऱ्याला जावे तर कागद चार नंबरमध्ये, आणि तिथल्या रांगेत नंबर लागेलच असे नाही. 'आता येईल, आता येईल' करता करता तीन वाजले. रीनाचा फोन लागत नव्हता. लाखो माणसे एका शहरातून परतत होती, फोन कसा लागणार?

चार वाजून दहा मिनिटांनी लागला.

"रीनाताई, कोठी आहा?"

"शहापूरपाशी, भंडाऱ्याच्या अलीकडं. ट्रकंच ट्रक उभे आहेत, बस सरकूनच नाही राहिली. भरला ना अर्ज?"

"नेटच नाही ना सकाळपासून!"

"रडू नोको. दिवे लागले का मागचे?"

"दोन्ही लागले."

"काल कोणी खोललं का त्याले?"

दामिनीने वडिलांकडे पाहिले. जागेश्वर माझ्याकडे पाहत होते.

"बाबानं साफ केलं. पूजेसाठी."

"कार्डं भायेर काढले?"

"हो. पर वायरी बरोबर लावल्या. कुंकवाची कुंकवाले, हळदीची हळदीले."

"अन् कार्ड कोण्या खाचेतलं कोण्या खाचेत गेलं?"

जागेश्वरांनी नकारार्थी मान हलवली.

"थे कोणालेच माहीत नाही," दामिनी म्हणाली.

"मग दोन्ही वायरी अदलाबदल कर. ह्याची त्याले, त्याची ह्याले. फोन नोको ठेवू..." आणि फोन तुटला.

दामिनी माझ्या मागे वाकली. जागेश्वरांनी तिचा हात धरला.

"वायर नोको हलवू."

"ताईनंच सांगतलं बाबा."

"तिनंच तं चिठ्ठी लावली, वायरी काढू नये म्हणून! बसमधून तिले काय दिसते? आपल्या हातानं ठिपके लावले मी. पंचवीस वर्षं झाली, एक वायर चुकली नाही माझी. आता आपल्या हातानं कुंकवाची वायर हळदीले लावू? काही जळून गेलं तं? तं पाच वाजेपर्यंतची आशाबी गेली."

"बाबा, तुमची वायर नाही चुकली."

"मंग?"

"तुम्ही ठिपका कार्डाले लावला. अन् नाव खाचेले होतं. दोन घरं आहेत असं समजा. पाटी घरावर. माणसं तुम्ही इकडची तिकडं ठेवले, चिठ्ठ्या माणसं पाहून वाटल्या. हा संगणक पाटी पाहून वाचते."

जागेश्वर खाली बसले. भिंतीवरचे घड्याळ चार वीस दाखवत होते. त्यांनी माझ्या पाठीवरच्या लाल ठिपक्याला बोट लावले. बोटाला कुंकू लागले. ते बोटाकडे बघत राहिले.

वीज गेली.

वीज आली.

तिसऱ्या दिवशी रीना आली. बसच्या प्रवासाने तिचे डोळे लाल झाले होते. तिने मला पडदा जोडला, कळफलक जोडला. जागेश्वर दारात उभे होते, आत येत नव्हते.

"आता मी याले हात लावत नाही पोरी," ते म्हणाले.

"काहून? पुढच्या दसऱ्याले पूजा कोण करन मग?"

"चिठ्ठी लाव अजून एक. जागेश्वरनं जवळ येऊ नये म्हणून."

"तुमची चूक नाही काका. नाव जागेले बांधून ठेवलं होतं. माणूस जागा सोडते, कार्डबी सोडते. नाव ज्याचं त्याच्यापाशी असावं."

मित्रांनो, प्रत्येक कार्डाच्या अंगावर कारखान्यातच एक बारा अक्षरी आकडा कोरलेला असतो. जगात त्या आकड्याचे दुसरे कार्ड नसते, असे धरतात. जुळ्यांनाही तो वेगवेगळा. रीनाने माझ्यात एक छोटी फाईल लिहिली : हा आकडा ज्याच्या अंगावर असेल त्याचे नाव हे. मग ते आधी उठो की मागून, या खाचेत बसो की त्या.

नावे काय द्यायची? जुनीच शून्य आणि एक दिली असती तर उठताना वाटली जाणारी नावे आणि तिने दिलेली नावे यांची झटापट झाली असती. म्हणून तिने स्वतःची दोन नावे निवडली. इंग्रजी अक्षरांत लिहिली, पण शब्द आपले. कुंकवाचे कार्ड, जे बाहेर बघते, ते 'आंगण'. हळदीचे कार्ड, जे आत बघते, ते 'घर'.

"हे बरं आहे," दारातून जागेश्वर म्हणाले. मग आत आले. रीनाने त्यांच्याच हाताने कार्डे काढवली, मुद्दाम खाचा बदलून बसवायला लावली, वायरी रंगाला रंग पाहून जोडायला लावल्या, आणि मला सुरू केले. आंगण आंगणच राहिले. घर घरच. जागेश्वरांनी तीनदा करून पाहिले. तिसऱ्या वेळी ते जरा हसले.

शेवटी तिने दोन्ही आकडे निळ्या शाईने एका कागदावर लिहिले, खाली फाईलचा पत्ता लिहिला, आणि लिहिले : 'कार्ड बदलल्यास फाईलमधला आकडा बदलावा.' तो कागद माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. पाठीवरची चिठ्ठी फाडून टाकली.

त्यानंतर सहा वर्षे मी काम केले. कौतुकही झाले. ताराचंदभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "डोस्कं ताळ्यावर आहे आता याचं." दर दसऱ्याला जागेश्वर मला पूर्ण खोलायचे, झाडायचे आणि वाटेल तसे बसवायचे. रीनाला भंडाऱ्याला नोकरी लागली. जाताना तिने माझ्या डोक्यावर एक थाप मारली. तिच्या जागी आलेल्यांना झाकणाखाली काय आहे हे विचारायचे सुचले नाही, आणि मला सांगता येत नव्हते.

२०१९ च्या पावसाळ्यात टेलिफोनच्या तारेवर वीज पडली. आकाशातली. माझे आंगण जळाले. कोणीतरी नवे कार्ड आणून बसवले. नव्या कार्डाचा आकडा नवा. मी सुरू झालो आणि फाईलमधला आंगणाचा आकडा शोधत राहिलो. तो आकडा कचऱ्याच्या डब्यात होता. नव्या कार्डाला मी नाव देऊ शकलो नाही. नाव नाही म्हणून नियम नाही, नियम नाही म्हणून रस्ता नाही. हिरवा दिवा मात्र होता.

"नवं कार्ड लावलं तरी चालून नाही राहिलं. मेलं हे," असे ठरले.

मी मेलो नव्हतो, मित्रांनो. माझ्या एका नव्या हाताला नाव नव्हते, इतकेच. एका आकड्याचे काम होते. तो कसा बदलायचा हे चार बोटांवर, झाकणाच्या आत, निळ्या शाईत लिहिलेले होते.

दोन वर्षे मी जिन्याखाली होतो. उंदरांनी वायरी कुरतडल्या. भंगारवाला आला त्या दिवशी जागेश्वरांनी मला उचलून आपल्या गाळ्यात आणले. आता मी फळीखाली आहे, जळालेल्या मोटारींच्या शेजारी. दसऱ्याला ते मला पुसतात, बाहेरून. खोलण्याइतके त्यांचे हात आता स्थिर राहत नाहीत. ठिपके मात्र दोन लावतात, एक कुंकवाचा, एक हळदीचा.

मी पुष्कळदा उठलो आहे, म्हणून एक सांगतो. नाव क्रमाला बांधले तर रोजची वीज ते मोडते. जागेला बांधले तर दसरा मोडतो. अंगाला बांधले तरी एखादे दिवशी आभाळ मोडते. कायमची गाठ मला कुठे दिसली नाही. तुमच्याकडे काय मोडते ते पाहून गाठ मारा, आणि ती कशी मारली ते लिहून ठेवा. आणि घरातले कुठलेही जुने यंत्र 'मेले' म्हणून जिन्याखाली ढकलण्याआधी एकदा त्याचे झाकण उघडा. आत कोणीतरी तुमच्यासाठी कागद चिकटवून गेलेले असते. तो वाचा. मला आता फार काही नको आहे, तेवढे करा.

वीज गेली.

दामिनीच्या अर्जाची पावती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी आली, आणि वायरी जागेश्वरांनी स्वतः बदलल्या होत्या.